ह्यांना विचारते

सोजरबाई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात घंटागाडीवरच्या सरूबाईनं अण्णासाहेबांची कचऱ्याची पिशवी परत केली.

"दाजी, ह्यो काय घोळ घातलाय? भात, ब्लेड, दुधाची पिशवी, समदं एकात?"

गाडीचं गाणं चालू होतं. काळेवाडीतल्या त्या गल्लीत निम्मे लोक दारात उभे होते. अण्णासाहेब पिशवी हातात धरून तसेच थांबले.

"सोजराच्या घरचा कचरा हाय ह्यो," सरूबाई जरा हळू आवाजात म्हणाली. "लोकं काय म्हनतील? ओला ह्या बादलीत, सुका त्या. ब्लेड कागदात गुंडाळून येगळं. उद्या द्या, आज न्हाई घेनार."

गाडी पुढं गेली. अण्णासाहेबांनी घरात येऊन मोरीजवळ वर्तमानपत्र पसरलं, पिशवी ओतली आणि उकिडवं बसून निवडायला लागले. बायको बावीस वर्षं शहराचा कचरा निवडत होती आणि आपल्या घरचा कचरा कुठल्या बादलीत जातो हे त्यांना माहीत नव्हतं. कधी विचारलं नव्हतं. तिनंही त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. फ्रीज घेतला तो तिनं ठरवून. मुलाला, सनीला, डिप्लोमाला कुठं घालायचं, तेही तिनंच ठरवलं. अण्णासाहेब भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, तपासायला होते. साहेब लोक त्यांना विचारल्याशिवाय माल पुढं सोडत नसत. घरी मात्र त्यांचं मत कुणी मागत नसे. याचं त्यांना वाईट वाटे असंही नाही. बाई हुशार होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सरूबाईनं दोन्ही बादल्या बघितल्या, मान हलवली आणि गाडीच्या केबिनमधून एक मेणकापडाची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली.

"सोजराचं सामान. जुनी शेड मोडली, आमी नव्या सेंटरला गेलो. तवापासनं माझ्यापाशीच हुतं. द्यायला हात हुईना."

पिशवीत रबरी हातमोजे होते, एक अ‍ॅप्रन, डोक्याला बांधायचा रुमाल आणि तळाशी एक हातोडी. लहान, पितळी डोक्याची, मुठीला साडीची चिंधी गुंडाळलेली. चिंधीखाली अण्णासाहेबांना स्वतः तापल्या तारेनं काढलेला 'अ' सापडला.

ही त्यांची हातोडी होती. याच हातोडीनं त्यांनी एकतीस वर्षं कास्टिंग वाजवून बघितली होती. सहा वर्षांपूर्वी, रिटायर झाल्या झाल्या, ती घरातून नाहीशी झाली. त्यांनी सगळं घर पालथं घातलं. शेवटी सनीवर आळ घेतला, की तूच चाकणला कामावर नेलीस. पोरगा महिनाभर नीट बोलला नव्हता. सोजरबाई तेव्हा तिथंच बसून मेथी निवडत होती आणि एक शब्द बोलली नव्हती.

"सरूबाई," ते गाडीमागं चार पावलं गेले. "कचऱ्यात हातोडीचं काय काम?"

सरूबाई हसली. "तितं या की, दावते. मंगळवारी या. परीक्षा हाय आमची."

"कसली परीक्षा?"

पण गाडी वळली होती.

तीन दिवस अण्णासाहेबांच्या डोक्यात तेवढंच होतं. हातोडीनं काय करत असेल? डबे चेपायला ती फार हलकी. बाटल्या फोडायला पितळ कशाला? त्यांनी हातोडी उजेडात धरून बघितली. पितळेवर ओरखडे होते, पण खोल नव्हते. म्हणजे मारलेलं नव्हतं, नुसतं टेकवलेलं. तपासनिसाची नजर होती, ती एवढं सांगू शकली. पुढचं नाही.

मंगळवारी ते बसनं तळवड्याच्या बाजूला गेले. नवीन सेंटर म्हणजे पत्र्याची मोठी थोरली शेड होती. आत एक रबरी पट्टा जमिनीपासून वर चढत गेलेला, त्याच्यावर कचरा, आणि वर एक पिवळी पेटी. पेटीखालून माल पुढं गेला की फट फट असा हवेचा फटका बसे आणि एकेक बाटली उडून आपापल्या खान्यात पडे. आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकायला कान पुढं करावा लागे.

सेंटरची इंजिनिअर सादिका नावाची मुलगी होती. पिवळं हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र. सरूबाईनं सांगितल्यावर तिनं अण्णासाहेबांनाही एक हेल्मेट दिलं.

"काका, सोजरमावशींचे मिस्टर ना तुम्ही? मी आले तेव्हा त्या आजारी होत्या. भेट राहून गेली."

अण्णासाहेबांनी मान हलवली आणि पेटीकडं बोट केलं. "ही ओळखते कशी?"

कुणी असं विचारलेलं सादिकाला आवडलं असावं. ती त्यांना पट्ट्याच्या कडेला घेऊन गेली. पेटीत एक दिवा आहे, ती म्हणाली, त्याचा उजेड आपल्याला दिसत नाही. तो प्लास्टिकवर पडतो आणि परत येतो. प्रत्येक जातीच्या प्लास्टिकवरून वेगळा परत येतो. त्यावरून मशीन ठरवतं, आणि बरोबर जागी हवा सोडतं.

"सेकंदाला किती?"

"पंधरा-वीस तुकडे."

"चुकते किती?"

"शंभरात दोन-तीन."

"आणि ते?" अण्णासाहेबांनी पट्ट्याच्या शेवटाकडं दाखवलं. तिथं काळ्या तुकड्यांचा ढीग पडत होता. बंपरचे तुकडे, डॅशबोर्ड, बॅटरीच्या पेट्या, वायरींचे डबे. आसपास सगळा गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा, त्यामुळं गॅरेजांतून काळा माल भरपूर येई. त्यांच्यावर हवा सुटतच नव्हती.

सादिकानं हेल्मेट जरा मागं सारलं. "काळं तिला दिसत नाही काका. काळा रंग तो उजेड पिऊन टाकतो. परत काही येतच नाही. मशीनला वाटतं तिथं काही नाहीच."

अण्णासाहेब बराच वेळ त्या ढिगाकडं बघत राहिले. हातभर लांब बंपर डोळ्यांसमोरून जातोय आणि एवढ्या मोठ्या मशीनला तो दिसत नाही, याची त्यांना गंमत वाटत होती. पंधरा-वीस तुकडे सेकंदाला, आणि हा नाही.

"मग ह्याचं काय करता?"

"तोच तर प्रश्न आहे. आत्तापर्यंत या पाच बायका हातानं निवडायच्या. नरम एकीकडं, कडक एकीकडं. दोन्ही वेगवेगळे वितळवावे लागतात, मिसळले की माल वाया. पण सोजरमावशी आजारी पडल्यापासून दोन लॉट परत आलेत. हेड ऑफिस म्हणतंय, हाताचं टेबल बंद करा, काळं सगळं कचरा डेपोला पाठवा. मी एक टेस्ट मागून घेतली. शंभर तुकडे, चूक पाचाच्या आत आली तर टेबल राहील."

"नाही आली तर?"

"पाच जणींना मी कुठं लावू, ते मलाही माहीत नाही."

टेबल पट्ट्याच्या शेवटाजवळच होतं. गाडीची फेरी संपवून आलेली सरूबाई आणि इतर चौघी उभ्या होत्या. समोर शंभर काळे तुकडे, प्रत्येकावर खडूनं आकडा. शेजारी पाण्यानं भरलेला निळा ड्रम. बायकांनी निवडल्यावर तुकडे त्यात टाकून बघायचे होते. या मालातला नरम तरंगतो, कडक बुडतो.

अण्णासाहेबांनी लगेच विचारलं, "मग पहिल्यापासून पाण्यातच का टाकत नाही?"

"रोजचा चारशे किलो माल? ओला करून वाळवायला अंगण आहे कुठं? धुवायचा मोठा हौद मंजूर व्हायला दोन वर्षं जातील. तोवर सगळं डेपोत गेलेलं असेल."

काम सुरू झालं. बायका एकेक तुकडा उचलत, वाकवून बघत, नखानं खरडत. एखादा अडला की बाजूला ठेवत. मग एक तरणी बाई एक तुकडा हातात फिरवत सरूबाईला म्हणाली, "ह्याचं कळंना गं."

सरूबाई तिकडं न बघताच म्हणाली, "अण्णा कर त्याला."

अण्णासाहेब दचकले. त्या बाईनं एक बोल्ट उचलला, तुकड्यावर टेकवून मारला, कान लावला, पुन्हा मारला आणि वैतागून तुकडा एका ढिगात टाकला.

थोड्या वेळानं दुसरी म्हणाली, "हा पण अण्णा करावा लागंल."

"आन् ही बॅटरीची पेटी?"

"अण्णा कर की, ईचारतीस काय."

अण्णासाहेबांना कानकोंड्यासारखं झालं. आपलं नाव या टेबलावर शिवी म्हणून चालत होतं की काय? जो माल कळत नाही, अडून बसतो, त्याला अण्णा म्हणतात? सोजराच्या तोंडून या बायकांनी घरातलं काय काय ऐकलं असेल कुणास ठाऊक. ते दोन पावलं मागं सरकले, पण गेले नाहीत. कळल्याशिवाय त्यांना जाववलं नसतं.

तासाभरानं सादिकानं तुकडे ड्रममध्ये टाकले. नरम म्हटलेले बारा बुडाले. कडक म्हटलेले अकरा तरंगले. तेवीस चुका.

तरण्या बाईनं बोल्ट टेबलावर ठेवला. सादिकानं कागदावर आकडा लिहिला, खोडला नाही, पण कागद दुमडून खिशात घातला.

"शुक्रवारी परत घेऊ," ती म्हणाली. "मी सांगेन की पहिली ट्रायल होती. पण त्यानंतर मला काही करता येणार नाही."

जेवायच्या सुट्टीत बायका शेडच्या बाहेर, भिंतीच्या सावलीत बसल्या. सरूबाईनं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी अण्णासाहेबांना दिली.

"एक विचारू?" ते म्हणाले.

"इचारा की."

"अण्णा म्हणजे मीच का?"

पाचही जणी हसायला लागल्या. एवढ्या वाईट सकाळनंतर हसू आलं म्हणून आणखी हसल्या.

"तुमीच," सरूबाई म्हणाली. "दुसरं कोन?"

"काय केलं मी? अडतो का मी? कळत नाही का मी?"

"आगं बया. दाजींना वाटलं शिव्या देतोय." सरूबाईनं डोळे पुसले. "तसं न्हाई वो. ऐका. आदी आमी प्लास्टिक जाळून वळखायचो. काडी लावायची, धूर हुंगायचा. मेणबत्तीचा वास आला तर नरम, उग्र आला तर कडक. सोजराला त्यानं खोकला लागला. आठवतो का?"

अण्णासाहेबांना आठवत होता. एक अख्खा हिवाळा ती खोकत होती.

"मंग एक दिस ती हातोडी घिऊन आली. म्हनली, आजपासनं जाळायचं न्हाई. ठोकायचं आन् ऐकायचं. कडक असंल तर टिण वाजतंय, नरम असंल तर ठब. आमी म्हनलं, तुला गं कुनी शिकवलं? तर म्हनली, ह्यांनी. आमी म्हनलं, ह्यांनी म्हंजे कुनी? नाव घे. ती कुटं नाव घेती. लाजायची. मंग आमीच म्हनायला लागलो, अण्णा. अण्णा कर ह्याला, अण्णा कर त्याला."

अण्णासाहेबांचा घास हातात राहिला. रिटायर व्हायच्या आधीची एक संध्याकाळ त्यांना आठवली. सोजराला खोकल्याची उबळ आली होती. ती थांबल्यावर तिनं पाणी पीत विचारलं होतं, तुमच्यात लोखंड कसं तपासतात, जाळून? आणि ते हसले होते. लोखंड कोण जाळतं? टांगायचं, ठोकायचं आणि ऐकायचं. चांगलं असेल तर वाजत राहतं, चीर असेल तर आवाज लगेच मरतो. एवढं बोलून ते बातम्या बघायला लागले होते. तिनं पुढं काही विचारलं नाही, असं त्यांना वाटलं होतं.

"ती स्वतः काय म्हणायची?" त्यांनी विचारलं. "नाव घेत नव्हती, मग?"

सरूबाईनं डब्याचं झाकण लावलं. "ती म्हनायची, थांब, ह्यांना इचारते. दर तुकड्याला. ह्यांना इचारते, आन् ठोकायची. दिसातनं दोनशे डाव तरी म्हनत आसंल."

आत पट्टा सुट्टीसाठी थांबला होता आणि शेड एकदम शांत झाली होती. त्यांनी भाकरी संपवली, हात धुतले, पिशवीतून हातोडी काढली आणि एकटेच आत टेबलाकडं गेले. ड्रमजवळ पडलेला एक ओला तुकडा उचलला. दोन बोटांत हलका धरला, ठोकला. टिण. दुसरा उचलला. ठब. तिसरा. ठब. फरक इतका स्पष्ट होता की त्यांना हसू आलं. हे न कळायला काय झालं?

तेवढ्यात भोंगा वाजला आणि पट्टा सुरू झाला. त्यांनी तोच पहिला तुकडा पुन्हा ठोकला. काही कळलं नाही. टिण होतं की ठब, की नुसता पट्ट्याचा खडखडाट, सांगता येईना.

ते तसेच सादिकाकडं गेले.

"जुन्या शेडमध्ये मशीन होतं?"

"नाही. तिथं सगळं हातानंच होतं."

"म्हणजे तिथं शांत होतं." त्यांनी हातोडी पुढं केली. "या बायका चुकत नाहीत. यांना ऐकू येत नाही. तुमच्या मशीनला काळं दिसत नाही आणि तुमच्या मशीनमुळं यांना काळं ऐकू येत नाही."

सादिका हातोडीकडं बघत राहिली. "मला वाटायचं त्या वाकवून ओळखतात. ठोकणं म्हणजे अशीच एक सवय असेल."

"आमच्याही कारखान्यात मशीनं होती. मी मागच्या खोलीत तपासायचो. विटांची खोली, भिंतीला पोती टांगलेली. साहेब म्हणायचे अण्णा आत झोपायला जातो." ते इकडं तिकडं बघायला लागले. "ते दार कशाचं?"

ती स्टोअरची खोली होती. आत मोकळी पोती, झाडू आणि मोडकी खुर्ची. भिंती विटांच्या. अण्णासाहेबांनी आत जाऊन दार लावलं, टिचकी वाजवली, कान देऊन ऐकलं, दार उघडलं.

"होईल," ते म्हणाले.

बुधवारी आणि गुरुवारी त्यांनी आणि बायकांनी मिळून खोली रिकामी केली. मोकळी पोती चारी भिंतींना खिळ्यांवर टांगली, दाराच्या फटीत रबराची पट्टी बसवली. कामगार जाता येता विचारत, लग्नाचा मांडव घालताय का? सरूबाई म्हणे, व्हय, तुजंच लगीन. तुकडा कसा धरायचा ते अण्णासाहेबांनी दाखवलं. मुठीत आवळला की आवाज मरतो, दोन बोटांत कडेला धरायचा. बोल्टनं नको, बोल्ट स्वतःच वाजतो. तरण्या बाईनं ते दोनदा करून बघितलं आणि म्हणाली, "सोजरामावशी असंच धरायची. मला वाटायचं हात खराब होऊ नयेत म्हणून."

एकदा अण्णासाहेबांनी सरूबाईला विचारलं, "हातोडी माझी आहे हे तुला माहीत होतं?"

"तिनं सांगितलं हुतं. म्हनली, घरात शोधाशोध चाललीया, पन आता दिली तर परत मागता यायची न्हाई."

"मागितली असती तर दिली असती."

"तुमी दिली असती. पन इचारलं असतं, कचऱ्यात हातोडीचं काय काम?"

हाच प्रश्न त्यांनी गाडीमागं जाऊन सरूबाईला विचारला होता.

शुक्रवारी सादिकानं नवीन शंभर तुकडे आणले. सरूबाईनं अट घातली. "अण्णा हजर हाय, तर अण्णानं बी धा तुकडे करायचे. नुसतं नाव चालायचं न्हाई." सादिका म्हणाली, नियमात कुठं बसत नाही, पण करू नये असंही कुठं लिहिलेलं नाही.

दार लावलं. बाहेरचा पट्टा लांबून गाडी जावी तसा ऐकू येत होता. बायका आळीपाळीनं त्याच हातोडीनं एकेक तुकडा ठोकत होत्या आणि खोलीत टिण, ठब, टिण एवढाच आवाज होता. अण्णासाहेबांनी आपले दहा तुकडे केले. नववा अडला. वायरीच्या डब्याचं झाकण, जाड, एका बाजूला रबर चिकटलेलं. ठोकलं, टिणही नाही, ठबही नाही. त्यांनी पुन्हा ठोकलं. मग झाकण आणि हातोडी दोन्ही खाली धरून ते क्षणभर थांबले. सोजरा कुणाला विचारायची ते आता कळलं होतं. त्यांनी कुणाला विचारायचं?

"नरम," ते म्हणाले आणि तुकडा ढिगात ठेवला.

दार उघडून सगळे ड्रमभोवती जमले. सादिका एकेक तुकडा सोडत होती आणि आकडा मोठ्यानं म्हणत होती. कडकमधले सगळे खाली गेले, एक सोडून. नरमचे तरंगले. मग एक बुडाला, पुढं आणखी एक. तीन चुका झाल्या. सरूबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. शेवटचे पाच-सहा उरले तेव्हा एक झाकण पडलं, जरा वेळ काठावर रेंगाळलं आणि तिरकं होऊन तळाला गेलं.

"नंबर एकाहत्तर," सादिका म्हणाली. "हा कोणाचा?"

सगळ्या अण्णासाहेबांकडं बघायला लागल्या.

"अण्णा चुकला," सरूबाई म्हणाली.

उरलेले तरंगले. शंभरात चार.

सादिकानं कागद उलगडला आणि भिंतीला टेकवून लिहायला लागली. चुकांचा आकडा, तारीख, खोलीची गरज. मग पेन थांबलं. "पद्धतीचं नाव लिहायचंय. काय लिहू?"

"अण्णा लिवा," तरणी बाई म्हणाली.

"हेड ऑफिसला अण्णा कसं लिहू?"

"ठोकून ऐकणे लिहा," अण्णासाहेब म्हणाले. "कागदावर ते बरं दिसेल. इथं म्हणायला काय, त्या म्हणतातच."

त्यांनी आत जाऊन खोलीतल्या एका खिळ्याला हातोडी टांगली. चिंधी जरा सैल झाली होती, ती पुन्हा गुंडाळली. सरूबाईनं विचारलं, उद्या येताय का. ते म्हणाले, एकाहत्तर नंबर ठेवून द्या, फेकू नका. रबर सोलून परत वाजवून बघायचंय. रबरानं आवाज खाल्ला असणार.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. आधी त्यांनी सनीला फोन लावला आणि सांगितलं, हातोडी सापडली, तू नेली नव्हतीस. सनी म्हणाला, "पप्पा, मला माहीत होतं. आईनं तेव्हाच सांगितलं होतं. पण गप्प राहा म्हणाली."

फोन ठेवून अण्णासाहेब खिडकीतून बघत बसले. नंतर त्यांची नजर समोरच्या सीटच्या पाठीवर गेली. काळं प्लास्टिक, कडेला थोडं चिरलेलं. त्यांनी पुढं वाकून बोटाच्या पेरानं ठोकलं, कान दिला, पुन्हा ठोकलं. समोर बसलेल्या माणसानं मागं वळून बघितलं.

"काय झालं काका?"

"काही नाही. कडक आहे," अण्णासाहेब म्हणाले. "पाण्यात टाकलं तर बुडेल."